शरद ऋतूतील आमचे खेळ

आपल्या देशात सहा ऋतू आहेत. त्यांपैकी शरद ऋतू आश्विन व कार्तिक या दोन महिन्यांत येतो. या ऋतूत पाऊस संपतो, आकाश निळे होते, रात्री छान चांदणे पडते व पहाटे गवतावर दव दिसते. एवढे गुरुजींनी फळ्यावर लिहून दिले आणि म्हणाले, “आता पुढचे तुमच्या मनाने लिहा. या ऋतूत तुम्ही काय खेळलात, काय गंमत केली ते लिहा. एकमेकांचे बघू नका.” म्हणून मी हे लिहीत आहे. मी इयत्ता चौथीत शिकतो.

आमचे गाव बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात डोंगराच्या कडेला आहे. यंदा फळ्यावर लिहिल्यासारखे झाले नाही. यंदा म्हणजे २०२५ साली सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. घट बसले तरी पाऊस चालूच होता. ओढ्याला पूर आला आणि शाळेला सुट्टी मिळाली. आम्हाला आधी लई आनंद झाला. आम्ही सगळे पोरं मारुतीच्या पाराजवळ उभे राहून पुरात काय काय वाहून येते ते ओळखायचो. जो आधी ओळखील त्याचा एक गुण. एक घमेले आले, एक चप्पल आली, एक रिकामे पिंप गोल गोल फिरत आले. ते मी ओळखले. नंतर कापून ठेवलेल्या सोयाबीनचे ढीग वाहत येऊ लागले. तेव्हा पारावरची मोठी माणसे गप्प झाली. मग आम्हीपण गुण मोजायचे सोडून दिले.

आमचे दीड एकर सोयाबीन उभेच होते, पण गुडघाभर पाण्यात. पाणी ओसरल्यावर बघितले तर शेंगांतच कोंब फुटले होते. अण्णा एक एक शेंग उकलून बघायचे आणि खिशात ठेवायचे. का ठेवायचे ते मला माहीत नाही. अण्णा म्हणजे माझे वडील.

नवरात्रात घटाला रोज माळ लागते. माळेची फुले आणायचे काम आमच्याकडे असते. कारळ्याची पिवळी फुले आणि तरवडाची फुले आम्ही बांधावरून आणायचो. यंदा चिखलामुळे एका माळेला दोन वेळा घसरून पडावे लागले. शाळेत बाईंनी मुलींचा भोंडला घेतला. पाटावर खडूने हत्ती काढला होता. तो मुलींनी काढला म्हणून त्याची सोंड शेपटीसारखी बारीक झाली. मुली फेर धरून गाणी म्हणत होत्या आणि आम्ही मुलगे खिडकीत बसून खिरापत ओळखत होतो. भेळ, चिवडा, शेंगदाण्याचा लाडू अशी सगळी नावे झाली. शेवटी ती उकडलेली मक्याची कणसे निघाली. ती कोणीच ओळखली नव्हती, तरी सगळ्यांना अर्धे अर्धे कणीस मिळाले.

यंदा दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी म्हणजे २ ऑक्टोबरला आली. सकाळी आम्ही शाळेत गांधीजींच्या फोटोला हार घातला आणि संध्याकाळी सोने लुटायला गेलो. मी सगळ्यांच्या आधी गुरुजींना सोने दिले, कारण गुरुजी त्याच दिवशी आमच्या घरी येणार होते. कशासाठी येणार होते ते मला माहीत होते.

आमच्या गावातली पुष्कळ माणसे दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. आमच्या वर्गात बावीस मुले आहेत, त्यांतल्या नऊ जणांचे आई-वडील जातात. माझे आई-अण्णा पण जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात उचल घेतलेली असते, ती फडात काम करून फेडायची असते. आमच्या अण्णांनी उचलीतून बैल घेतले आहेत. एक हौश्या आणि एक पाखऱ्या. हौश्या गरीब आहे. पाखऱ्या माझी टोपी खातो.

मागच्या वर्षी मी तिसरीत होतो. तेव्हा मी आणि माझी लहान बहीण छकुली दोघेही आई-अण्णांबरोबर सांगलीकडे गेलो होतो. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत माझी शाळा बुडाली. परत आलो तर मला सतराचा पाढा येत नव्हता आणि भागाकारात मी सगळ्यांच्या मागे पडलो. म्हणून गुरुजी आले होते. चहा झाल्यावर ते म्हणाले, “दिवाळीनंतर शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होतंय. पोराचं सकाळ-संध्याकाळचं जेवण तिथं होईल. रात्री तो आजीजवळ झोपेल. यंदा त्याला नेऊ नका.”

अण्णा म्हणाले, “गुरुजी, तुमचं खरं हाय. पण हा राहिला तर हिला कोण बघणार?”

त्यावर गुरुजी काही बोलले नाहीत. छकुली तेव्हा आपट्याची पाने कानाला लावून बसली होती. ती साडेतीन वर्षांची आहे. आजीला डोळ्यांनी कमी दिसते आणि गुडघे दुखतात. छकुली पळाली तर आजीला तिच्यामागे पळता येत नाही. आणि ती आईशिवाय झोपत पण नाही.

फडात लहान लेकराला बघायचे काम कसे असते ते गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण माझ्या वर्गातल्या तेरा जणांना ठाऊक नाही म्हणून लिहितो. पहाटे अंधारात आई भाकरी करते. मग सगळे फडात जातात. आई-अण्णा ऊस तोडतात, मोळ्या बांधतात आणि टायरगाडीत भरतात. मी छकुलीला घेऊन बांधावर बसायचो. थंडी लई असते. ऊन आले की बरे वाटते. एके दिवशी मी ऊस खात होतो आणि जरासे इकडे-तिकडे बघितले, तेवढ्यात छकुली गायब झाली. मी हाका मारल्या, आईने कोयता टाकून हाका मारल्या, शेजारच्या कोयत्यांनी पण काम थांबवले. उभ्या उसात लहान लेकरू गेले तर दिसत नाही. शेवटी ती वाढ्याच्या ढिगाखाली झोपलेली सापडली. गाड्या वळतात तिथेच तो ढीग होता. आईने तिला उचलून घेतले आणि मला काहीच बोलली नाही. मारले असते तरी चालले असते.

म्हणून दसऱ्याच्या रात्री मला पण झोप आली नाही. मला शाळेत राहायचे होते, हे मी खरे सांगतो. कबड्डीच्या संघात माझे नाव होते. पण अण्णांचे बोलणे पण बरोबर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसून विटी तासत होतो. छकुली कोंबडीच्या पिलामागे फिरत होती. तेव्हा मला एक खेळ सुचला.

खेळ असा. चुलीतली राख घेऊन अंगणात एक मोठे रिंगण काढायचे. रिंगण म्हणजे राजवाडा. आतमध्ये राणी बसते. राणीजवळ दहा चिंचोके असतात, ते तिचे सैन्य. सैन्य मोजायचे, ओळीने लावायचे, गोल लावायचे, लढाई करायची, काही पण करायचे. पण राजवाड्याच्या बाहेर पाय टाकायचा नाही. टाकला तर राज्य गेले. मी “राणी सुटली!” म्हणालो की मगच बाहेर यायचे.

पहिल्या दिवशी राणीने सहा वेळा राज्य घालवले. कोंबडीचे पिलू दिसले की चालली त्याच्यामागे. मी चिडलो तर ती रडायला लागली. मग आई म्हणली, “आरं, तिला आधी लहान येळ बसव. एकदम दिवसभर कोण बसतंय?” आईचे बरोबर निघाले. मी आधी वीस अंक मोजेपर्यंत बसवायचो, मग पन्नास, मग शंभर. माझे पण पाढे त्यात होऊ लागले. सतराचा पाढा पूर्ण म्हणेपर्यंत राणीने बसायचे असे ठरवले. मी सतरा नव्वे अडकलो की ती उगीच जास्त वेळ बसायची. आता मला सतराचा पाढा येतो. एकशे त्रेपन्न.

माझे मित्र विटीदांडू खेळायला बोलवायचे. कधी मी जायचो आणि कधी नाही. एकदा सगळेच आमच्या अंगणात आले आणि त्यांनी रिंगणाबाहेर राक्षस होऊन नाच केला. छकुली हसून हसून लोळली, पण बाहेर आली नाही. त्या दिवशी मी आईला सांगितले. आई चुलीपुढे होती. ती म्हणली, “बघू.” रात्री आई आणि अण्णा बाहेर बसून बोलत होते. सकाळी अण्णा मला म्हणाले, “रहा मग शाळेत.” एवढेच बोलून ते वैरण टाकायला गेले.

कोजागरी ६ ऑक्टोबरला झाली. आम्ही शाळेच्या पटांगणात दूध आटवले. दूध घरोघरून तांब्या-तांब्याने गोळा केले होते, त्यामुळे काहींचे जरा पातळ होते. कोणाचे ते सांगत नाही. चंद्र ढगात जायचा आणि यायचा. आला की आम्ही ओरडायचो. छकुलीने विचारले की आपण सांगलीला गेलो तरी चंद्र हाच असतो का. मी म्हणालो, हाच असतो. तिला ते खरे वाटले नाही.

आमच्या तालुक्यात नायगावला मोरांचे अभयारण्य आहे. ते १९९४ साली झाले असे गुरुजी सांगतात. मोर आमच्या शेतात पण येतात, कारण त्यांना अभयारण्य कुठे संपते ते माहीत नसते. पाऊस संपत आला की मोराची पिसे गळतात. यंदा मला बांधावर तीन सापडली. एक मी पाखऱ्याच्या कपाळाला बांधायला ठेवले, एक छकुलीला दिले आणि एक पुस्तकात ठेवले. पुस्तकात पीस ठेवले आणि पेन्सिलीची साल खायला घातली की त्याला पिलू होते असे मुली म्हणतात. माझ्याकडे मागच्या वर्षीचे पण एक आहे. त्याला अजून काही झालेले नाही.

मग सहामाही परीक्षा झाली आणि दिवाळीची सुट्टी लागली. वसुबारसेपासून आजी आणि आई दारात शेणाच्या गवळणी घालत होत्या. आम्ही पोरं ओढ्यावरून लव्हाळे कापून आणले. लव्हाळ्याची दिवटी करतात. ती विणताना नागाच्या फण्यासारखा आकार येतो आणि मध्ये पणती बसते. मला फणा जमत नाही, माझी दिवटी बेडकासारखी होते. संध्याकाळी दिवट्या घेऊन आम्ही घरोघर गाई-बैल ओवाळायला गेलो. आजी म्हणते की पूर्वी घरोघरी पाच-सहा जनावरे होती आणि ओवाळता ओवाळता तेल संपायचे. आता पुष्कळ घरी ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टर पण ओवाळू का असे आमच्यातल्या एकाने विचारले, तर त्या काकांनी खरेच ओवाळून घेतला आणि दहा रुपये दिले.

शेवटी आम्ही आमच्या बैलांना ओवाळले. छकुलीने दिवटी धरायचा हट्ट केला. पणती कलंडली आणि सगळे तेल तिच्या फ्रॉकवर सांडले. ज्योत आधीच विझली होती म्हणून काही झाले नाही. हौश्या तिचा फ्रॉक चाटत बसला. फटाके यंदा कमी होते. अण्णांनी एक लवंगीची माळ आणली होती. ती आम्ही एकदम लावली नाही. सगळी सोडवून एक एक फटाका मोजून चार दिवस पुरवला. रोज सात. शेवटच्या दिवशी पाचच राहिले, म्हणजे कोणीतरी दोन चोरून वाजवले. मला संशय आहे, पण पुरावा नाही.

भाऊबीजेला छकुलीने मला ओवाळले. मी तिला ओवाळणीत चिंचोके ठेवायला एक कापडी पिशवी दिली. ती मी आजीकडून जुन्या लुगड्याच्या कापडाची शिवून घेतली होती.

आता सीताफळांचे सांगतो. आमच्या डोंगरात सीताफळांची झाडे आपोआप येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे ते आपल्याच जिल्ह्याचे म्हणून ओळखले जाते. सीताफळ झाडावर पिकेपर्यंत थांबले तर पाखरे खातात. म्हणून डोळे उघडले की तोडायचे. डोळे उघडले म्हणजे त्याच्या खवल्यांमधल्या भेगा पांढुरक्या होतात. मग ते गवतात नाहीतर धान्यात ठेवायचे. तीन-चार दिवसांत मऊ होते. डोळे न उघडता तोडले तर काळे पडते आणि दगडासारखे राहते.

आईला सीताफळ फार आवडते. फडात तिला कोणी सीताफळ देत नाही. म्हणून मी आणि माझा मित्र शनिवारी आकडी घेऊन डोंगरात गेलो. पावसामुळे गवत कमरेइतके वाढले होते आणि साप असतील म्हणून आम्ही काठी आपटत चाललो. चांगली सीताफळे लोकांनी आधीच नेली होती. आम्ही वरच्या घळीपर्यंत गेलो. मला आठ मिळाली. सातांचे डोळे उघडले होते. आठवे मी मोठे दिसले म्हणून तोडले. ट्रक बुधवारी येणार असे मुकादमाने सांगितले होते. मी हिशोब केला. शनिवारी ठेवली तर मंगळवारी पिकतील, मंगळवारी रात्री सगळे मिळून खाऊ. मी ती बाजरीच्या पोत्यात खोल पुरून ठेवली आणि कोणाला सांगितले नाही.

पण ट्रक सोमवारी संध्याकाळीच आला. १ नोव्हेंबरपासून कारखाने सुरू होणार होते म्हणून लवकर निघायचे ठरले. आईने भांडी बांधायला घेतली. चटया, बांबू, कोपीचे कापड, कोयते, पाण्याचे ड्रम, चूल, सगळे बाहेर आले. अण्णांनी बाजरीचे पोते खांद्यावर घेतले तेव्हा मी म्हणालो, “अण्णा, त्यात सीताफळं हायत.” मी पोत्यात हात घालून बघितले. सगळी कडक होती. मला रडू आले. आई म्हणली, “राहू दे त्यातच. पोत्यातच पिकतील. तिथं गेल्यावर खाऊ.”

बैल चढवायला ट्रक उंच बांधाला लावतात. हौश्या लगेच चढला. पाखऱ्या चढेना. मी त्याच्यापुढे टोपी धरली तेव्हा तो चढला, आणि टोपी त्याच्याबरोबर गेली. छकुलीला अजून कळले नव्हते. ती आईच्या मांडीवर बसून मला म्हणत होती, “दादा, ये ना वर. चढ ना.” मी म्हणालो की मी मागच्या गाडीत येतो. हे खोटे होते. मी एरवी खोटे बोलत नाही, पण त्या वेळी बोललो. आजीने माझा हात धरला होता. ट्रकचा लाल दिवा वेशीपर्यंत दिसला.

त्या रात्री अंगणात राखेचे रिंगण होते. आजी सकाळी झाडायला निघाली, तर मी म्हणालो राहू दे. दोन-तीन दिवस राहिले, मग कोंबड्यांनी मोडून टाकले.

आता शाळा परत सुरू झाली आहे. वसतिगृहात सकाळी आणि संध्याकाळी जेवण मिळते. शाळेतल्या खिचडीपेक्षा तिथली भाजी बरी असते, हे मी गुरुजींना विचारून लिहिले आहे. रात्री मी आजीजवळ झोपतो. कबड्डीत आमचा संघ खालच्या आळीकडून हरला.

आई-अण्णांचा फोन रविवारी येतो. आजीकडे बटणाचा मोबाईल आहे. पहिल्या रविवारी आईने सांगितले की सात सीताफळे वाटेतच मऊ झाली, सगळ्या टोळीला एक एक फोड मिळाली. आठवे दगड झाले, ते पाखऱ्याला टाकले, त्यानेही खाल्ले नाही. छकुलीने सीताफळाच्या काळ्या बिया धुऊन पिशवीत भरल्या आहेत. आजीने मागून ओरडून सांगितले की बिया फोडू देऊ नको, डोळ्यात गेल्या तर वाईट असतात.

मी विचारले, “रिंगणात बसती का?”

आई म्हणली, “बसती की. फडाच्या कडेला लिंबाखाली मी राखेनं काढून देते. पण आता निराळंच झालंय. बसली की उठतच नाही. जेवायला बोलावलं तरी येत नाही. म्हणती, दादा म्हणल तवा राणी सुटल. परवा मी उचलून आणली तर सारखी रडत होती.”

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. खेळाचा नियम मीच केला होता आणि तो चुकला होता. मी आईला म्हणालो, तिच्या कानाला फोन लाव. छकुली फोनवर काही बोलत नाही, नुसता श्वास घेते. मी तिला सांगितले की आता नवा नियम आहे, राजाने काढलेला आहे. आई म्हणाली तरी राणी सुटते. अण्णा म्हणाले तरी सुटते. तिने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाली, “तू म्हण.”

मी “राणी सुटली!” असे मोठ्याने ओरडलो. शेजारच्या काकू बाहेर येऊन बघू लागल्या.

काल दुसरा रविवार होता. आईने सांगितले की आता ती आईचे ऐकते, पण अण्णांचे अजून ऐकत नाही. आजीच्या मोबाईलची बॅटरी लवकर उतरते आणि आमच्याकडे संध्याकाळी लाईट जाते. म्हणून शनिवारीच तो शाळेत आणून चार्जिंगला लावायला गुरुजींनी मला परवानगी दिली आहे.